चष्म्यावर धरलेली वाफ

मुंबईत पाऊस स्थिरावला की चष्मेवाल्यांचा एक जुना छळ नव्याने सुरू होतो. चहाचा कप तोंडाशी नेला की काचा पांढऱ्या होतात. वातानुकूलित लोकलमधून फलाटावर पाऊल ठेवावे, तर समोरची गर्दी क्षणात नाहीशी होते. कुकरचे झाकण उघडणाऱ्या गृहिणीला तर हा अनुभव बारमाही आहे. चष्मा काढायचा, पदराने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसायचा आणि पुन्हा नाकावर चढवायचा, एवढाच त्यावरचा आपला सर्वमान्य तोडगा. घरात तो चालूनही जातो, कारण तेथे चार-पाच सेकंद काही दिसले नाही तरी फारसे बिघडत नाही.

सायकलवर मात्र बिघडते. ताशी पंधरा किलोमीटर हा काही मोठा वेग नव्हे. पण त्या वेगानेही सायकल एका सेकंदात चार मीटर पुढे जाते. चष्मा धूसर झाल्यापासून तो पुसून होईपर्यंत पाच सेकंद गेले, तर वीस मीटर रस्ता न पाहता काटलेला असतो, आणि तोही एका हाताने. पावसाळ्यातल्या मुंबईत वीस मीटरांत काय काय असू शकते, हे वेगळे सांगायला नको. पाण्याने भरलेला खड्डा असतो, मध्येच उघडलेले टॅक्सीचे दार असते, आणि छत्री पुढे धरून रस्ता ओलांडणारी एखादी आजीही असते.

भायखळ्यासारख्या वस्तीत तर हा प्रश्न रोजचा आहे. रविवारी पहाटे हेल्मेट चढवून, डोळ्यांना घट्ट बसणारे गॉगल लावून मरीन ड्राइव्हच्या दिशेने निघणारी हौशी मंडळी आता येथेही दिसतात. ही मंडळी या वाफेची तक्रार निदान एकमेकांजवळ करतात आणि तिच्यावरची महागडी औषधेही विकत आणतात. पण भायखळ्यात सायकल त्याहून आधीपासून आणि त्याहून मोठ्या संख्येने चालते ती पोटासाठी. बेकरीतून पाव पोचवणारा, दूध टाकणारा, इस्त्रीचे कपडे घरोघर नेणारा, स्टेशनावर उतरलेले डबे कचेऱ्यांत नेणारा, भाजी मंडईतून माल उचलणारा, ही सारी माणसे पावसातही सायकलच चालवतात. त्यांतल्या अनेकांना चष्मा आहे, अनेकांना असायला हवा आणि नाही. त्यांची तक्रार कोणाच्या कानावर येत नाही, कारण त्यांनी तिच्यावर स्वतःपुरता एक उपाय शोधून काढलेला असतो. पाऊस सुरू झाला की चष्मा काढायचा आणि खिशात ठेवायचा.

हा उपाय मूळ दुखण्याहून घातक आहे. ज्याला उणे तीन नंबरचा चष्मा आहे, त्याला चष्म्याविना सुमारे ३३ सेंटीमीटरपलीकडचे काहीच स्पष्ट दिसत नाही. उणे दोन नंबर असेल तर ही मर्यादा अर्धा मीटर. सायकलच्या सीटवर बसलेल्या माणसाचा डोळा आणि त्याच्या हँडलवरची घंटी यांच्यात साधारण एवढेच अंतर असते. म्हणजे चष्मा खिशात टाकून निघालेल्या माणसाला स्वतःची घंटी बरी दिसते; ती ज्याच्यासाठी वाजवायची तो मात्र दिसत नाही. मोटार चालवायची तर परवाना लागतो आणि परवान्यासाठी निदान कागदोपत्री तरी दृष्टीचा विचार होतो. सायकलला परवाना लागत नाही. लागू नये, हेही खरे. गरिबाच्या या एका वाहनावर आणखी एक कागद लादणे कोणाच्याच हिताचे नाही. पण त्यामुळे सायकलस्वाराच्या डोळ्यांकडे पाहणारे कोणीच उरत नाही. तेव्हा चष्म्यावरची वाफ ही वाटते तेवढी क्षुल्लक गोष्ट नाही. ती का धरते आणि ती टाळायला काय लागते, हे एकदा समजून घेतले तर उपाय अगदी घरातल्या घरात होण्यासारखा आहे.

हवेतले पाणी

हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते. डोळ्यांना ती दिसत नाही इतकेच. किती वाफ मावावी, हे हवेच्या तापमानावर ठरते. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत फार तर १७ ग्रॅम वाफ मावते. ३० अंशांना तीच मर्यादा ३० ग्रॅमवर जाते. वाफेने भारलेली ऊबदार हवा एखाद्या थंड पृष्ठभागाला टेकली की तेथे ती निवते, तिची क्षमता घटते आणि जास्तीचे पाणी बारीक थेंबांच्या रूपाने त्या पृष्ठभागावर बसते. ज्या तापमानाला ही गळती सुरू होते, त्याला दवबिंदू म्हणतात. गवतावरचे दव, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला आलेला घाम आणि चष्म्यावरची वाफ ही एकाच घरातली भावंडे आहेत.

मुंबईत जुलै महिन्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरली, तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. याचा अर्थ असा की, २५ अंशांहून थोडी जरी गार असलेली काच या हवेत आली तरी ती धूसर होणार. २२ अंशांच्या कचेरीत दिवसभर बसलेला चष्मा खाली रस्त्यावर येताच पांढरा होतो तो यामुळेच. राणीच्या बागेत याचे अधिक ठळक उदाहरण आहे. तेथे २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन आले आणि २०१७ च्या मार्चमध्ये त्यांचे दालन लोकांसाठी खुले झाले. पक्ष्यांसाठी त्या दालनातले तापमान १६ ते १८ अंशांच्या दरम्यान राखले जाते. बाहेरच्या श्रावणातली हवा जर त्या थंड काचेला थेट भिडली, तर पाहायला आलेल्या मुलांना पेंग्विनऐवजी पाण्याच्या ओघळांचेच दर्शन घडेल.

या दमट हवेवर मुंबईने एकेकाळी आपले पोट भरले आहे, हेही येथे आठवावे. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला कापडगिरणीचा उद्योग मांडला आणि पुढे परळ, लालबाग, भायखळा हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. बंदर, कापूस, भांडवल आणि मजूर ही त्याची मुख्य कारणे. पण समुद्राकाठच्या ओलसर हवेचाही त्याला हातभार होता. कोरड्या हवेत सुताचा धागा तुटतो, ओलाव्यात तो टिकतो. विणाईखात्यात तर मुद्दाम पाण्याचे फवारे सोडून हवा आणखी दमट केली जाई. धाग्याला मानवणारी ती हवा माणसाला किती मानवत होती, हा प्रश्न निराळा. गिरण्या गेल्या. हवा तीच राहिली, आणि तिच्यातूनच आता या वस्तीतली सायकल वाट काढते आहे.

थांबले की धरते

सायकलस्वाराच्या चष्म्यावर वाफ धरण्याची तऱ्हा मात्र कचेरीतून बाहेर पडणाऱ्याहून वेगळी आहे. कचेरीतल्याची काच दोन्ही बाजूंनी धूसर होते आणि मिनिट-दोन मिनिटांत काच बाहेरच्या हवेइतकी कोमट झाली की आपोआप निवळते. सायकलस्वाराची काच आतून, म्हणजे चेहऱ्याच्या बाजूने धूसर होते, आणि ती आपोआप निवळत नाही; कारण तेथील पाणी ढगातून आलेले नसून त्याच्याच चेहऱ्यावरून उठलेले असते.

माणसाचे शरीर हे काही फार काटकसरीचे यंत्र नव्हे. पायडलवर १०० वॅट शक्ती उतरवायची, तर आत साधारण ३०० ते ४०० वॅट उष्णता निर्माण होते. ती बाहेर टाकण्यासाठी घाम येतो. घामाने भिजलेल्या चेहऱ्याची त्वचा ३३-३४ अंशांवर असते आणि तिच्यालगतची हवा वाफेने गच्च भरलेली असते. श्वासातून निघणारी हवाही तशीच. आता चष्म्याची काच पाहा. बाहेरून तिला २८ अंशांचा वारा लागतो, पावसाचे थेंब तिला आणखी निववतात. गच्च भरलेली गरम हवा आतून आणि गार काच बाहेरून, अशी ही जुळणी असते.

तरीही सायकल चालू असताना चष्मा बहुधा स्वच्छ राहतो. कारण सेकंदाला चार मीटर वेगाने येणारा वारा काच आणि चेहरा यांच्यामधल्या फटीतून सतत वाहतो आणि ती ओली हवा साचण्यापूर्वीच घेऊन जातो. सायकल थांबली की वारा थांबतो. घाम मात्र थांबत नाही. उलट वाऱ्याचा गारवा गेल्यामुळे थांबल्यानंतरची दोन-तीन मिनिटे तो अधिकच सुटतो. म्हणून सिग्नलला पाय टेकला की काही क्षणांत काचा भरून येतात, आणि हिरवा दिवा लागतो तेव्हा स्वार आंधळा असतो. मागची बस भोंगा वाजवते. तो तसाच निघतो. सगळ्यांत कमी दिसते ते नेमके नाका ओलांडताना, म्हणजे जेथे सगळ्यांत जास्त दिसायला हवे तेथे.

भायखळ्यात हा प्रश्न अधिक का जाचतो, याचे उत्तर येथे आहे. जे. जे. उड्डाणपुलावर दुचाकींना २०१० पासून बंदी आहे. सायकलवाल्याने पुलाखालच्या महंमद अली रोडच्या गर्दीतूनच जायचे. उत्तरेला डॉ. आंबेडकर रस्त्याने लालबाग, परळकडे निघावे तरी तीच गत. वरून वाहने सुसाट जातात आणि खाली हातगाड्या, बसथांबे आणि नाके यांमधून सायकल थांबत थांबत जाते. मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास न थांबता चालवणाऱ्याला जी वाफ एकदाच भेटते, ती येथे प्रत्येक नाक्यावर भेटते. तेव्हा चष्म्यावरच्या या वाफेला हवामान जितके जबाबदार आहे, तितकाच सायकलीला सतत थांबायला लावणारा रस्ताही.

जड काचेच्या आड बसलेल्या माणसाला या वाफेने अंतराळातही सोडलेले नाही. ५ जून १९६६ रोजी अमेरिकेच्या जेमिनी-९ या यानातून यूजीन सर्नन हा अंतराळवीर बाहेर पडला आणि दोन तासांहून अधिक वेळ अवकाशात राहिला. काम अपेक्षेपेक्षा फार कष्टाचे निघाले, पोशाखातली गारवा देणारी यंत्रणा त्याच्या घामापुढे हरली आणि शिरस्त्राणाची काच आतून धूसर झाली. हात काचेच्या आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. नाकाने काच घासून त्याने पाहण्यापुरती जागा केली. काम अर्धवट टाकून त्याला परतावे लागले. पुढच्या मोहिमांत काचेला आतून वाफरोधक द्रावण लावण्याची पद्धत पडली, आणि त्या द्रावणाचा मुख्य घटक होता साबणाच्या जातीचा.

साबणाचा थेंब

साबण येथे काय करतो? स्वच्छ दिसणाऱ्या काचेवरही बोटांचा तेलकटपणा आणि धूळ असते. तिच्यावर पाणी पसरत नाही. अळवाच्या पानावर राहावे तसे गोल गोल थेंब धरून राहते. असे हजारो सूक्ष्म थेंब म्हणजे हजारो चिमुकली भिंगे. प्रत्येक भिंग प्रकाश आपापल्या दिशेने फेकते आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. रात्री समोरून मोटारीचा दिवा आला की तो पडदा पेटल्यासारखा होतो. साबणाचा अतिशय पातळ थर काचेवर असेल, तर पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, थेंब गोल राहू शकत नाही, तो पसरतो आणि शेजारच्या थेंबात मिसळतो. पाणी तेवढेच असते, पण आता ते सपाट पापुद्र्यासारखे असते आणि त्यातून आरपार दिसते.

ट्रकचालक पावसात समोरच्या काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळतात, पाणबुडे आपल्या मुखवट्याच्या काचेला आतून थुंकी लावतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. शल्यविशारदांनाही तोंडावरच्या पट्टीमुळे हा त्रास पिढ्यान्‌पिढ्या आहे. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात २०११ साली यावरचा एक छोटासा लेख आला होता. त्यातला उपाय होता साबणाच्या पाण्याने चष्मा धुण्याचा. करोनाच्या साथीत, २०२० साली, सगळे जगच मुखपट्टी लावून फिरू लागले तेव्हा हा लेख पुन्हा शोधून वाचला गेला.

घरी करायचे ते असे. चष्मा साध्या, गार पाण्याखाली धरून आधी धूळ वाहून जाऊ द्यावी. भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटांवर घेऊन दोन्ही काचांना, विशेषतः आतल्या बाजूने, हलक्या हाताने लावावा. मग थोडे पाणी सोडून चष्मा झटकावा आणि तसाच वाळू द्यावा, किंवा मऊ कापडाने नुसता टिपावा. खसाखसा पुसला तर ज्यासाठी खटाटोप केला तो थरच निघून जातो. बाहेरच्या बाजूला साबण ठेवण्यात अर्थ नाही. पाऊस तो दोन मिनिटांत धुऊन नेतो. आतला थर साधारण दिवसभर टिकतो, घाम फार असेल तर त्याहून कमी. तेव्हा सकाळी दात घासण्याबरोबर हेही करण्याची सवय लावलेली बरी.

यात दोन पथ्ये आहेत. पहिले असे की, साबण भरपूर लावू नये. कॅनडाचा अंतराळवीर ख्रिस हॅडफील्ड २००१ साली अवकाशात काम करीत असताना काचेवरचे वाफरोधक द्रावण त्याच्या डोळ्यांत गेले आणि काही काळ त्याला दिसेनासे झाले. कपाळावरचा घाम ओघळून साबणासकट डोळ्यांत उतरला तर सायकलवाल्याचेही तेच होईल. दुसरे पथ्य भांडी घासण्याच्या आपल्या सवयींविषयी आहे. हल्लीच्या बहुतेक चष्म्यांच्या काचा प्लास्टिकच्या असतात आणि त्यांवर नाजूक लेप असतो. भांड्यांची पावडर, राख, दंतमंजन किंवा टूथपेस्ट यांनी त्या ओरखडतात. कढत पाण्याने लेप बिघडतो. बटाटा आणि तंबाखू ट्रकच्या काचेलाच शोभतात.

बाजारात वाफरोधक फवारे आणि कापडे मिळतात. ती काम करतात, यात शंका नाही. पण अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली असे चार फवारे आणि पाच कापडे तपासली, तेव्हा नऊच्या नऊ उत्पादनांत फ्लोरिनयुक्त रसायने आढळली. ही रसायने निसर्गात आणि शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या जातीची आहेत. त्यांच्यापासून नेमका किती धोका आहे, याचा अभ्यास चालू आहे. पण जे काम साबणाच्या एका थेंबाने होते, त्यासाठी रोज डोळ्यांजवळ असली रसायने चोळण्याची घाई कशाला करावी?

वाऱ्याला वाट

साबण हा अर्धा उपाय झाला. उरलेला अर्धा म्हणजे वाऱ्याला वाट करून देणे. बर्फावर घसरण्याचा खेळ खेळणाऱ्यांसाठी अमेरिकेत बॉब स्मिथ नावाच्या एका दंतवैद्याने १९६५ साली नवा गॉगल तयार केला. त्यात त्याने एकीमागे एक अशा दोन काचा बसवल्या, म्हणजे आतली काच बाहेरच्या थंडीने गार पडू नये. आणि कडेला हवा खेळती राहील असा स्पंज लावला, म्हणजे आतली ओल बाहेर पडावी. काच फार गार होऊ द्यायची नाही आणि हवा साचू द्यायची नाही, ही दोनच सूत्रे. मुंबईत पहिल्याची फारशी गरज नाही. दुसऱ्याची मात्र आहे.

हौशी सायकलस्वारांचे डोळ्यांभोवती वळणारे गॉगल धूळ अडवतात, पण चेहऱ्याला इतके चिकटून असतात की वाफेला पळवाट राहत नाही. घेताना वरच्या कडेला फटी असलेला गॉगल पाहून घ्यावा. नंबरचा चष्मा असेल तर चष्म्याच्या दुकानात जाऊन नाकावरच्या गाद्या किंचित वाकवून घ्याव्यात. काच भुवया आणि गाल यांच्यापासून थोडी दूर राहिली तरी मोठा फरक पडतो. हे काम दोन मिनिटांचे असते. गालांना टेकणाऱ्या मोठ्या फ्रेमा दिसायला चांगल्या असल्या तरी पावसात सायकल चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत. सिग्नलला थांबताना चष्मा बोटभर खाली, नाकाच्या शेंड्याकडे ओढावा आणि निघताना पुन्हा वर सारावा. चष्मा कपाळावर चढवून ठेवण्याची अनेकांना सवय असते. कपाळ हे तर घामाचे माहेरघर, तेथे ठेवलेली काच हमखास ओली होते. कपाळाला सुती पट्टी बांधली तर घाम तेथेच मुरतो.

रेनकोटची टोपी हनुवटीपर्यंत आवळली की तिच्या आत छोटेसे वाफाऱ्याचे यंत्रच तयार होते. त्यापेक्षा पुढे छज्जा असलेली साधी टोपी बरी. ती पावसाचे थेंब काचेवर पडू देत नाही आणि चेहरा मोकळा ठेवते. धुरापासून बचाव म्हणून नाकावर रुमाल बांधणाऱ्यांनी तो नाकाच्या हाडावर घट्ट बसवावा आणि चष्मा त्याच्या वर टेकवावा. नाहीतर प्रत्येक उच्छ्वास सरळ काचेवर जातो. प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडे मऊ कापड जवळ ठेवावे. भिजलेल्या सदऱ्याचे टोक काच पुसत नाही, फक्त चिखल फिरवते. आणि एवढे करूनही दिसेनासे झाले, तर रस्त्याच्या कडेला उतरून थांबावे. पाव पाच मिनिटे उशिरा पोचला तर चहा थोडा निवेल, इतकेच.

भाद्रपदाची वाट कशाला?

हे सगळे ज्याला वाचायला वेळ आहे त्याला कळेल. पण ज्याला त्याची खरी गरज आहे तो या वेळी रस्त्यावर असतो. त्याच्यापर्यंत हे पोचायचे कसे?

गिरणगावात आणि भायखळ्यात सार्वजनिक मंडळांची उणीव नाही. उत्सवाच्या जोडीने नेत्रतपासणीची शिबिरे आणि चष्मेवाटप हा तर अनेक मंडळांचा आवडता कार्यक्रम आहे आणि तो स्तुत्यही आहे. अडचण एवढीच की, हा कार्यक्रम बहुधा गणेशोत्सवाच्या दिवसांत होतो आणि तोपर्यंत पावसाळ्याचा जोर ओसरत आलेला असतो. तो मे महिन्यात व्हावा. बेकऱ्या, दूधकेंद्रे, लाँड्र्या, मंडई येथे जाऊन सायकल चालवणाऱ्यांना मुद्दाम बोलवावे. चष्मा देताना तो गालाला टेकत नाही ना हे पाहावे, साबणाची युक्ती पाच मिनिटांत करून दाखवावी, सोबत एक टोपी द्यावी. भायखळ्यात सर जे. जे. रुग्णालयासारखी १८४५ पासूनची सार्वजनिक संस्था आहे, तिचा नेत्रविभाग आहे. सायकलवर माल पोचवून घेणाऱ्या मालकांनी आपल्या माणसाला एका सकाळची सुटी देऊन तेथे पाठवले, तर त्यात त्यांचे फार जाणार नाही. ते पावसाळ्यापूर्वी छपरावर ताडपत्री घालतात, मालावर प्लास्टिक घालतात. माल नेणाऱ्याच्या डोळ्यांचाही तेवढा विचार व्हावा.

रस्त्याकडेही पाहावे लागेल. मुंबईत सायकलमार्गाचे आराखडे अनेकदा झाले. वांद्रे-कुर्ला संकुलात तो बांधूनही झाला आणि फसलाही. भायखळ्याच्या गर्दीत वेगळा मार्ग मागणे आज भाबडेपणाचे ठरेल. पण नाक्यावर झेब्रापट्ट्यांच्या अलीकडे डाव्या कडेला सायकलींसाठी चार हात जागा रंगवून राखणे आणि दिवा हिरवा झाल्यावर भोंग्यावर हात ठेवण्याआधी चालकांनी दोन सेकंद थांबणे, एवढे तर अशक्य नाही. पहिली गोष्ट महापालिकेच्या हातात आहे, दुसरी आपल्या. पुढच्या सायकलवाल्याला कदाचित अजून काही दिसत नसेल, हे मोटारीत वायपरमागे बसलेल्याने लक्षात ठेवायला हवे. त्याच्या काचेला पुसणारे यंत्र आहे, सायकलवाल्याच्या काचेला नाही.

आज रविवार आहे. घरातले सगळे चष्मे एकदा एकत्र करून नळाखाली धुवावेत. सायकलवरून शाळेला किंवा शिकवणीला जाणारे मूल घरात असेल, तर त्याचा चष्मा त्याच्याच हातून धुऊन घ्यावा आणि पावसात तो काढून दप्तरात टाकायचा नाही, हे त्याला समजावून सांगावे. उद्या सकाळी पाववाला दारात येईल तेव्हा त्याच्या खिशाकडे नजर टाकावी. चष्म्याची काडी तेथून डोकावत असेल, तर तो डोळ्यांवर का नाही, असे त्याला विचारावे आणि ही साबणाची गोष्ट सांगावी.